वासोटा, नागेश्वर आणि कांदाटी तीन दिवसांत? आधी वाट कोणाची ते बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की चौघं जण आहात, पुण्याहून निघणार, डिसेंबरात तीन दिवस सुट्टी आहे, राजगड-तोरणा, हरिश्चंद्रगड, अलंग-मदन वगैरे झालंय, आणि आता बामणोलीहून वासोटा किल्ला, तिथून नागेश्वरची गुहा, खाली कोकणात चोरवणे गाव, मग परत घाट चढून कांदाटी खोऱ्यात चकदेव, पर्वत (हे डोंगराचंच नाव) आणि महिमंडणगड, असं सगळं एका दमात करायचंय. जीपीएक्स ट्रॅक, म्हणजे आधी कुणी चाललेल्या वाटांच्या मोबाइलवर बघायच्या फायली, जमवलेत, वाटाड्या घ्यायचा का नाही यावर तुमच्यातच दोन पार्ट्या पडल्यात, आणि टेंट न्यायचे का हेही ठरत नाहीये.

उत्तर आधी सांगून टाकतो, कारणं मागून येतील. एका दमात होणार नाही, म्हणजे पायात दम नाही म्हणून नाही, पण लाँच, परमिशन आणि एसटी ह्या तिन्हीचं वेळापत्रक तुमच्या उत्साहावर चालत नाही. त्याच्या दोन वेगळ्या ट्रिप करा. वाटाड्या काही ठिकाणी लागेलच, काही ठिकाणी अजिबात नको, ते खाली सांगतो. टेंटचं शेवटी.

आता हे खोरं नीट समजून घ्या, कारण अलंग-मदन केलेला माणूस इथे हमखास फसतो. तिकडे अवघड जागा डोळ्याला दिसते, कातळ समोर उभा असतो, दोर लावायचा की नाही ते तिथेच ठरतं. इथे तसं काहीच दिसत नाही. कोयना महाबळेश्वरला उगम पावते आणि बाकीच्या नद्यांसारखी सरळ पूर्वेला न जाता सह्याद्रीच्या मुख्य धारेला समांतर अशी दक्षिणेकडे पळते, पार हेळवाकपर्यंत, मग तिथे काटकोनात पूर्वेला वळून कराडला कृष्णेला मिळते. म्हणजे एका हाताला सह्याद्रीची धार, पलीकडे कोकणात कोसळणारे कडे, आणि मधे ही लांबलचक दरी, तिच्यात आता शिवसागर जलाशय. जुन्या कागदांतली जावळी ती ह्याच भागात. चंद्रराव मोऱ्यांचं 'येता जावली, जाता गोवली' हे आपण भाषणात ऐकतो तेव्हा वीररसाचं वाटतं, पण इथल्या रानात एकदा तीन तास फिरून त्याच ओढ्यावर परत आलात की ते वाक्य साधं भौगोलिक वर्णन आहे हे पटतं.

मुद्दा असा की इथली अडचण उंचीची नाही आणि कातळाचीही नाही. अडचण आहे वाटांची. सह्याद्रीतली कुठलीही वाट कुणाच्या तरी कामाची म्हणून झालेली असते, कोकणातून मीठ-मासळी वर यायची, वरून हिरडा-मध खाली जायचा, लेकी खालच्या गावात दिलेल्या असायच्या, देवाची जत्रा असायची, गुरं पाण्यावर जायची. साठच्या दशकात धरण झालं, नदीकाठची गावं पाण्याखाली गेली, माणसं कुणी सांगली-सोलापूरकडे गेली तर कुणी ठाणे-रायगडकडे. मग १९८५ साली कोयना अभयारण्य झालं, २०१० ला चांदोलीसकट सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, आतल्या आणखी वाड्या उठल्या. जी गावं राहिली तिथलेही घरटी एक-दोन तरी मुंबईला. चालणारी माणसं गेली की इथल्या पावसाला वाट मोडायला दोन-तीन वर्षं पुरतात. त्यामुळे मी कुठल्याही रूटबद्दल पहिला प्रश्न हाच विचारतो की ह्या वाटेनं आज कोण चालतं. ट्रेकर सोडून. कुणीतरी चालत असेल तर जा, कुणीच नसेल तर वाटाड्या घेऊन जा, आणि वाटाड्याच म्हणाला की मी दहा वर्षांत गेलो नाय तर गपचूप दुसरा रूट धरा.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी आम्ही तिघं अशाच एका जुन्या घाटवाटेनं कोकणात उतरत होतो, हातात टोपोशीटची, म्हणजे सरकारी नकाशाची, झेरॉक्स, तिच्यावर छान तुटक रेघ काढलेली. पहिला तास मस्त मळलेली वाट. नंतर कळलं की ती ढोरवाट होती. गुरांची वाट तुम्हाला पाण्यापर्यंत आणते आणि तिथे हात झटकते. आम्ही आपले ओढ्यातून खाली, म्हटलं नाळ आहे, म्हणजे कड्यांमधली उतरती घळ, उतरेल कुठेतरी, आणि ती नाळ एका कोरड्या धबधब्याच्या माथ्यावर संपली, खाली चाळीस-पन्नास फूट सरळ तुटलेला कातळ. दोर होता पण खाली पुढे अजून किती टप्पे आहेत ते दिसत नव्हतं, साडेपाच वाजलेले, झाडीत तर अंधारच. ती रात्र तिथेच दगडावर बसून काढली. सकाळी मागे चढून धनगराच्या वाड्यावर आलो तर आजीनं आधी चहा दिला, मग विचारलं कुठनं आलासा. सांगितलं. ती म्हणाली, "त्या वाटंला आता कोण जातंय व्हय? वाडीच उठली की." झालं, एवढंच. नकाशावरची रेघ खरी होती, फक्त ती ज्या लोकांची होती ते लोक तिथे नव्हते.

तर आता एकेक रूट.

वासोटा. इथे वाट चुकायचा प्रश्नच नाही, सीझनमध्ये शनिवार-रविवारी जत्रा असते. साताऱ्याहून कासमार्गे बामणोली, तिथे वनखात्याच्या ऑफिसात परमिशन, ओळखपत्र बरोबर ठेवा, मग लाँच. साधारण तास-दीड तास पाण्यातून जाऊन मेट इंदवलीला उतरता. तिथे चेकपोस्टवर तुमच्याकडचं प्लास्टिक मोजतात आणि परत येताना पुन्हा मोजतात, डिपॉझिटही घेतात, काही जण ह्यावर कुरकुर करतात पण मला विचाराल तर वासोटा आज बघण्यासारखा राहिलाय तो ह्यामुळेच. ओढ्याजवळ मारुती आहे, तिथून खरं जंगल सुरू होतं आणि चढही. अंजनी, जांभूळ, हिरडा, वर छत इतकं गच्च की डिसेंबरच्या दुपारीही ऊन लागत नाही, शेकरू वरून ओरडत असतं, नशीब असेल तर शीळकरी कस्तूर. दोन-अडीच तासांत माथा. मारुतीचं बिनछपराचं देऊळ, पाण्याचं टाकं, महादेवाचं मंदिर आणि मग बाबुकडा. बाबुकड्याच्या काठावर पालथं पडून बघा, उभं राहून नको, तिथला मुरूम सुटा आहे.

समोर जुना वासोटा दिसतो. नव्या किल्ल्याच्या डोक्यावर बसलेला हा डोंगर म्हणजे किल्ल्याची कमजोरी, १८१८ ला इंग्रजांनी तिथे तोफा चढवल्या आणि किल्ला पडला. त्याआधी किल्ला लढवणाऱ्या ताई तेलिणीनं पेशव्यांच्या बापू गोखल्यांना इथेच झुंजवलं होतं, ती 'तेलीण मारी सोटा, बापू गोखल्या सांभाळ कासोटा' ही लावणीवजा ओळ तुम्ही ऐकली असेलच. आता त्या जुन्या वासोट्यावर जायचा मोह होतो बऱ्याच जणांना, समोरच तर दिसतो. नका जाऊ. तिथे आज कुणी चालत नाही, वाट रानानं गिळलीय.

रात्री गडावर किंवा जंगलात राहायला परवानगी नाही, संध्याकाळच्या आत लाँचवर परत यायचं असतं, आणि लाँचवाला थांबत नाही असं नाही पण त्याला अंधारात पाणी तोडायला लावू नका. त्यामुळे वासोटा आणि नागेश्वर करून परत बामणोली हे एका दिवसात ओढाताणीचं होतं, वासोट्याहून नागेश्वरला जायलाच दोन-अडीच तास, येताना तेवढेच. ज्यांना नागेश्वर करायचंय त्यांनी वासोटा-नागेश्वर-चोरवणे असं कोकणात उतरावं. पण त्याची परमिशन वेगळी बोलून घ्यावी लागते, स्थानिक वाटाड्या बरोबर घ्यायचा, आणि हे आदल्या दिवशी बामणोलीत ठरवा, सकाळी लाँचच्या रांगेत उभं राहून नाही. नियम दर सीझनला थोडेफार हलतात म्हणून निघायच्या आठवडाभर आधी एक फोन कराच. पावसाळ्यात सगळं बंद.

नागेश्वरची वाट कुणाची आहे? भाविकांची. महाशिवरात्रीला चोरवण्याहून माणसं रांग लावून वर येतात, गुहेतलं शिवलिंग, वरून ठिबकणारं पाणी. म्हणून नागेश्वर ते चोरवणे ही बाजू जिवंत आहे. वासोटा ते नागेश्वर हा धारेवरचा मधला तुकडा मात्र पूर्णपणे ट्रेकर आणि वनखात्याच्या जिवावर आहे, तिथे कारवी माजली की वाट दिसेनाशी होते. कारवी सात वर्षांनी फुलते हे सगळ्यांना माहीत असतं, फोटो काढायला गर्दी होते, पण फुलून गेल्यावर ती मरते आणि वाळलेल्या काठ्या आडव्या पडून वाटेवर जे गचपण होतं ते कुणी सांगत नाही. अशा वर्षी ह्या टप्प्याला दीडपट वेळ धरा. उतरताना चोरवण्याकडचा वरचा टप्पा घसाऱ्याचा आहे, गुडघ्यांची परीक्षा आहे, काठी न्या.

हे एका दिवसात होतं पण सकाळी पहिल्या लाँचनं निघालात तर, आणि चोरवण्यात पोचेपर्यंत संध्याकाळ होते. गाडी बामणोलीला आणि तुम्ही कोकणात, हा गमतीचा भाग आधी सोडवून ठेवा. आम्ही एकदा सोडवला नव्हता, मग चिपळूणहून एसटीनं कुंभार्ली घाट चढून कराड, कराडहून सातारा, साताऱ्याहून बामणोली, गाडी आणायला अख्खा दिवस.

आता कांदाटी. तुमच्या तीन दिवसांचं खरं सोनं इथे आहे आणि खरं सांगायचं तर वासोट्यापेक्षा मला हेच खोरं जास्त आवडतं. तापोळ्याच्या पलीकडे, जलाशयानं तोडलेलं, त्यामुळे एका अर्थानं कोकणाला जास्त जवळचं. तापोळ्याहून लाँच किंवा तराफ्यानं येता येतं, नाहीतर खेडहून (रत्नागिरी जिल्ह्यातलं, पुण्याजवळचं नाही) खोपीमार्गे रघुवीर घाटानं. खेडहून अकल्प्याची एसटी ह्याच घाटानं येते. पावसाळ्यात ह्या घाटात दरडी पडतात, डिसेंबरात प्रश्न नाही.

मी तुमच्या जागी असतो तर गाडी घरी ठेवली असती. रात्रीची बस पकडून पहाटे खेड, तिथून आंबिवली. आंबिवलीहून शिडीच्या वाटेनं चकदेव. ही वाट म्हणजे घाटवाट कशी असावी ह्याचा नमुना आहे, आधी गावामागचं रान, मग सोंडेवरचा दमवणारा चढ, आणि वरच्या कातळात शिड्या. शिड्यांवर एका वेळी एकच माणूस, सॅक जड असेल तर आधी वर ओढून घ्या, पावसाळी शेवाळ नसलं तरी पहाटेचं दव असतं. उंचीची भीती असणारा कुणी असेल तर त्याला मधे ठेवा, शेवटी नाही. साडेतीन-चार तासांत वर. चकदेवला महादेवाचं देऊळ आहे, वस्ती आहे, माणसं ये-जा करतात, सणावाराला खालून भाविक चढतात. म्हणजे वाट जिवंत. तरीसुद्धा खालून पहिल्यांदाच चढत असाल तर आंबिवलीतून कुणालातरी शिड्यांपर्यंत घ्या, कारण खालच्या रानात लाकडाच्या वाटा फार फुटतात. तुमच्यातल्या दोन पार्ट्यांपैकी वाटाड्या नको म्हणणारी पार्टी इथे हरली.

चकदेवहून शिंदी गावात उतरायला दीडेक तास, ही वाट सरळ आहे, इथे वाटाड्या नको. शिंदीत मुक्काम. दुसऱ्या दिवशी सकाळी मोकळ्या पाठीनं महिमंडणगड, शिंदीहूनच वर जातो, जाऊन-येऊन चारेक तास. किल्ला म्हणून फार काही शिल्लक नाही, कातळात खोदलेली टाकी आहेत, पण वरून कोकणाकडे जे दिसतं त्यासाठी जायचं. रसाळ-सुमार-महिपत ही जगबुडीच्या खोऱ्यातली त्रयी समोर उभी असते, बघून घ्या, पुढच्या वर्षीचा ट्रेक तोच होणार आहे. महिमंडणगडाला आता गुरं फारशी जात नाहीत, गवत कमरेएवढं, म्हणून शिंदीतला एखादा पोरगा बरोबर घ्या. दुपारी जेवून रस्त्यानं वळवण, आणि वळवणहून दोन-अडीच तास चढून पर्वत. पर्वतचं जोम मल्लिकार्जुनाचं मंदिर दगडी, जुनं, आणि त्या जागेत संध्याकाळी जी शांतता असते ती मला तरी दुसरीकडे फार कमी मिळाली. तिसऱ्या दिवशी खाली उतरून एसटी धरून खेड. एसटीची वेळ शिंदीत पोचल्या पोचल्या विचारून ठेवा, ती चुकली तर दिवस गेला.

मधु-मकरंदगड तुम्ही विचारला नाहीत पण बरेच जण ह्याच्यात जोडतात म्हणून सांगतो. तो वरच्या टोकाला, महाबळेश्वर-प्रतापगडाच्या बाजूला आहे, घोणसपूरहून सोपा. पार गावाजवळ कोयनेवरचा शिवकालीन पूल बघत जा, साडेतीनशे पावसाळे खाऊन उभा आहे. मकरंदगडाखालून हातलोट घाटानं बिरमणीला उतरायचं असेल तर मात्र वाटाड्याशिवाय विचारही करू नका. दक्षिणेकडचा जंगली जयगड आणि हेळवाकचा भैरवगड हे व्याघ्र प्रकल्पाचे, परमिशनशिवाय पाऊल टाकायचं नाही.

जीपीएक्सबद्दल. ट्रॅक ठेवा जरूर, मीही ठेवतो, पण त्याच्यावर डोळे लावून चालू नका. वर गच्च झाडी आणि बाजूला उभा कडा असला की लोकेशन तीस-चाळीस मीटर सहज उडतं, आणि धारेवर तीस मीटर म्हणजे वाट आणि दरी एवढा फरक. दुसरं म्हणजे ट्रॅक कुठल्या महिन्यात घेतलाय ते बघा. शिवसागराचं पाणी ऑक्टोबरात काठोकाठ असतं आणि मेपर्यंत इतकं खाली जातं की काठावर भेगाळलेला गाळ उघडा पडतो, तर मेमधल्या ट्रॅकचा पहिला भाग तुम्हाला डिसेंबरात पाण्यातून चालायला सांगेल. हसू नका, एका ग्रुपला मी काठावर फोन हातात धरून गोंधळलेलं बघितलंय.

जनावरांची भीती सगळे विचारतात, बिबट्या, आता वाघ. ते तुम्हाला दिसणार नाहीत. अस्वल आणि गवा ह्यांचं भान ठेवा, झाडीत नेहमीच्या आवाजात बोलत चाला म्हणजे त्यांना तुम्ही येताय हे कळतं, गवा वाटेत असला तर थांबा, तो जाईल, तुम्ही पुढे सरकू नका. माझी खरी भीती म्हणजे आग्या मोहोळ. इथल्या प्रत्येक मोठ्या कड्याला पोळी लटकलेली असतात. कड्याजवळ शेकोटी नाही, सिगारेट नाही, परफ्यूम नाही, आणि बाबुकड्यावर उभं राहून घोषणा देऊन प्रतिध्वनी ऐकायची हौस तर अजिबात नाही. उठल्याच माश्या तर हात झाडू नका, तोंड आणि मान झाकून झाडीत घुसा आणि लांब जा, कड्याच्या दिशेनं पळू नका, ह्या पळापळीतच माणसं पडतात.

साप चावला तर बांधायचं नाही, कापायचं नाही, पाय हलू न देता माणूस उचलून दवाखान्यात. कोकणाच्या बाजूला फुरसं भरपूर, दगडावर हात ठेवण्याआधी बघा. झुडपात हिरवा चापडा असतो, आणि आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस, फुरसं ह्या चारांवर चालते, चापड्यावर नाही, तरी दवाखान्यात जायचंच. डिसेंबरात जळवा संपलेल्या असतात पण खाजकुयलीच्या शेंगा नेमक्या वाळलेल्या, वाऱ्यानं कुसं उडतात. पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला. लागलीच तर चोळू नका, पाणी लावू नका, चिकटपट्टी चिकटवून कुसं उपटून काढा. आणि महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटरचा हेल्पलाइन नंबर निघायच्या आधी सगळ्यांच्या फोनमध्ये असू द्या, घरच्यांच्याही, कारण खोऱ्यात बहुतेक ठिकाणी रेंज नाही, तुम्ही परतला नाहीत हे त्यांनाच आधी कळणार.

पाणी डिसेंबरात ओढ्यांना असतं, फेब्रुवारीनंतर नाही. तरी माणशी तीन लिटरची सोय ठेवाच, धारेवर थेंब मिळत नाही.

आणि टेंट. घरी ठेवा. अभयारण्यात लावता येत नाही आणि कांदाटीत गरज नाही, शिंदीत शाळेचा व्हरांडा, देवळाचा सभामंडप किंवा कुणाचं तरी घर, विचारलं की मिळतं, पर्वतला देवळापाशी झोपा, फक्त पुजाऱ्याला विचारून. जेवण घरी सांगा, तांदळाची भाकरी आणि कुळथाचं पिठलं मिळेल, पैसे जेवायच्या आधी ठरवायला लाजू नका, ते बोलणार नाहीत आणि तुम्ही कमी द्याल. टेंटचे तीन किलो वाचले तर त्यात चहापत्ती, साखर आणि टॉर्चचे सेल न्या. शिड्यांवर पाठ हलकी लागते, आणि शिंदीत ज्या घरी उतराल तिथे त्या सामानाचं काय करायचं ते तुम्हाला सांगावं लागणार नाही.